हात वर करा, वहिनी

इंदूअक्काचं नाव आधी लिहून टाकते, मग बाकीचं. मला घाबरायची खोड आहे. लिहायला बसलं की अर्ध्या गोष्टी राहून जातात आणि मग रात्रभर त्याच टोचत राहतात. हे एक नाव राहायला नको. इंदूअक्का म्हणजे माझ्या आईची मावसबहीण. धुळ्यात एका गल्लीच्या तोंडाशी तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. दुसरं नाव नानांचं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचं. ते काजं करायचे, हूक लावायचे आणि दिवसभर रेडिओला उलट उत्तरं द्यायचे. या दोघांनी मला घरात ठेवून घेतलं नसतं तर आज मी कुठे असते, याचा विचार मी करत नाही.

मी जळगावजवळच्या असोद्याची. आठवीत दोनदा गणितात अडकले. तिसऱ्यांदा बसायचं धाडसच झालं नाही. मास्तर फळ्याकडे वळले की माझ्या तळहातांना घाम सुटायचा आणि वहीतले आकडे फिसकटून जायचे. वर्षभर घरी राहिले, कापूस वेचला, केळीची पानं कापली. मग आईनेच डोकं चालवलं आणि मला अक्काकडे पाठवलं. असोद्याहून धुळं म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण जळगावला बस बदलून, पारोळा मागे टाकून धुळ्याच्या स्टँडवर उतरले, तेव्हा मला वाटलं मी परमुलखात आले. भाषासुद्धा वेगळी. आमच्याकडे 'हाये', इथे 'शे'. पहिल्याच दिवशी नानांनी विचारलं, "पोर, तुले भूक लागनी शे का?" आणि मी घाबरून म्हणाले, "नाही नाही, मी काहीच नाही लावलं." नाना इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. पुढे सहा महिने कोणी गिऱ्हाईक आलं की ते ही गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी त्यात थोडी भर घालायचे.

घर म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. पुढे पायाची तीन मशीनं, मागे चूल. दिवसभर मशीनचा आवाज चालायचा, आणि तो थांबला की समजायचं, जेवण झालं. अक्काची शेवभाजी मला सुरुवातीला खाववत नसे, डोळ्यांतून पाणी यायचं. नाना म्हणायचे, "रडू नको वं, मिरचीना राग शे, मानूसना नही." कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी रश्शात सोडलेले बेसनाचे डुबुकवडे. जेवताना अक्का कधी माझ्या ताटाकडे बघायची नाही, पण ताट रिकामंही होऊ द्यायची नाही. आता मी जिथे राहते तिथे तिन्ही त्रिकाळ भात असतो. भाताला मी नावं ठेवत नाही, त्याने मला इतकी वर्षं जगवलंय. पण अजून स्वप्नात मला भाकरी थापल्याचा आवाज येतो, आणि जाग आल्यावर कळतं की शेजारच्या इमारतीत कोणीतरी कपडे आपटतंय.

अक्काची माप घ्यायची एक रीत होती. तशी मी आजवर दुसरीकडे कुठे पाहिली नाही. छाती, कंबर, बाही, मुंढा, सगळं टेपने घेऊन झालं की ती कोपऱ्यातला लाकडी पाट उचलायची आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवायची. "धर दोन्ही हातांनी. आता चार पावलं चाल." बायका हसायच्या, लाजायच्या. नवीन असली तर म्हणायची, "अहो, मी ब्लाऊज शिवायला आले, पाट विकत घ्यायला नाही." पण अक्का हात वर असतानाच काखेपासून कमरेपर्यंतचं माप पुन्हा घ्यायची, आणि दोन मापांतला फरक वहीत लिहायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "आपल्याकडची बाई आरशासमोर किती वेळ उभी असते? डोक्यावर चाऱ्याचा भारा, पाण्याचा हंडा, नाहीतर कानबाई देवीचा चौरंग. ब्लाऊज हात खाली असताना कोणाचंही बसतं गं. हात वर केले की टेलर कळतो." शिलाईच्या आत ती दोन बोटं कापड जास्तीचं सोडायची. शिवणकामात त्याला माया म्हणतात. बाई अंगाने भरली, बाळंतीण झाली, की तेच ब्लाऊज उसवून आतून सोडून द्यायचं. एकेक ब्लाऊज दहा दहा वर्षं चालायचं आणि दर दोन वर्षांनी थोडं थोडं मोठं होऊन जायचं.

माझ्या हातात अक्काने पहिल्यांदा कात्री दिली तेव्हाच मी घोळ घातला. माया धरायलाच विसरले. खडूच्या रेघेवरच कापून मोकळी झाले, आणि ब्लाऊज शिवून झाल्यावर ते त्या बाईच्या अंगात जाईचना. मी मागच्या खोलीत जाऊन तांदळाच्या डब्यामागे बसले. मला वाटलं, आता पिशवी भरायची. अक्काने ब्लाऊजच्या दोन्ही बाजू उघडल्या. काखेपासून कमरेपर्यंत दुसऱ्या रंगाची एक पट्टी जोडली, वर काखेत रुंद, खाली निमुळती. बाई घ्यायला आल्यावर म्हणाली, "ही नवी फॅशन आहे, मुंबईहून आलीय." बाई खूश होऊन गेली. पण त्यानंतर मी कात्रीला हात लावला नाही. अक्काने दोनतीनदा पुढे केली, मी मशीनवरचं नाहीतर तुरपाईचं काम ओढून घ्यायचे. हात थरथरायचे ते थरथरायचेच.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात स्टँडजवळच्या मंगल कार्यालयात सेल लागला. आधीही सेल यायचे, चादरींचे, चपलांचे. हा कपड्यांचा होता, आणि पंधरा दिवसांनी उठण्याऐवजी तो राहिलाच. एक उठला की दुसरा यायचा. शिवलेली ब्लाऊज, कुर्ते, पोरांच्या जीन्स, सगळे ढीग मारलेले, कुठलंही उचला. अक्काच्या एका ब्लाऊजच्या शिलाईत तिथे दोन यायची, कापडासकट. शिवाय दर पंधरवड्याला नवा रंग, नवा गळा. आमच्या गल्लीतल्या ज्या पोरी दिवाळीला एक ड्रेस शिवायच्या त्या आता महिन्याला एक आणायच्या, आणि दोन धुण्यांत तो लोंबला की कोपऱ्यात टाकायच्या. मला त्यांचा राग यायचा नाही, खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. एकदा मीही एक जांभळा कुर्ता घेतला होता. अंगात घातल्यावर आरशात मी हिरॉइन दिसले. तिसऱ्या धुण्यात त्याची शिलाई गोल फिरून पोटावर आली.

एक दुपार मला चांगली आठवते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आमच्या ओट्यावर टोपली टेकून बसली होती. शेजारच्या ताईंनी सेलचे पाचसहा कपडे आणून तिच्यापुढे टाकले. तिने एकेक कपडा दोन बोटांत धरून चोळला आणि बाजूला सारला.

"काय झालं? सहा महिने पण नाही झाले घेऊन," ताई म्हणाल्या.

"म्हणूनच तर, बाई. याच्यावर चमचाही येणार नाही."

"अगं, नवेच आहेत!"

"नवे असू द्या. याची गोधडी होत नाही, घाम पीत नाही. पोतेरं होत नाही, पाणी पीत नाही. हे घेऊन मी काय करू, पुजू?"

नाना आतून ओरडले, "बाई, मन्हं जुनं धोतर लई जाय! ते बठ्ठं पिते!" बठ्ठं म्हणजे सगळं. आम्ही हसलो, अक्काही हसली. पण ती कपडे उचलून ताईंच्या हातात देताना मी तिचं तोंड पाहिलं. बोहारणीने नाकारलेला कपडा तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला होता. पुढे ते कपडे नाल्याच्या काठाला दिसायला लागले, बाभळीला अडकलेले, चिखलात रंग तसाच चमकणारा. आमच्या असोद्याच्या शिवारातला कापूस गाड्या भरभरून बाहेर जात होता, आणि त्याच रस्त्याने हे परत येत होतं.

काम कमी कमी होत गेलं. तीन मशीनांपैकी एक झाकून ठेवलं, मग दुसरं. श्रावण तोंडावर आला तरी दुकानात जेमतेम चारपाच ब्लाऊज. एरवी कानबाईच्या आधी आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसे. कानबाई आमच्या घरी बसत नसे, म्हणून मलाही ती धुळ्यातच कळली. नागपंचमीनंतरच्या रविवारी अख्खी भावकी एका घरी जमते, रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक होतो, नारळाला नथ-डोरलं घालून देवी चौरंगावर बसवतात. सोमवारी सकाळी सुवासिनी तो चौरंग डोक्यावर घेऊन, बँडच्या मागे नाचत पांझरेवर जातात. एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या, अशी देवी फिरत फिरत नदीला पोचते. त्या दिवशीचं ब्लाऊज अक्काकडचंच, असं देवपुरापासून जुन्या धुळ्यापर्यंत कित्येक घरांत ठरलेलं होतं. त्या वर्षी त्यातली बहुतेक घरं फिरकलीच नाहीत.

मग आबांचा, माझ्या वडलांचा, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन आला. मी धावत गेले. "काय वं मंगल, काम नाही म्हने तिकडे? अक्काले उगा भार नको. कानबाई झाली की सोमवारी मी येतो घ्यायले. इकडे तुले एक स्थळही चालून आलंय." मी फक्त "हो आबा" म्हणाले. परत येऊन अक्काला सांगितलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती बराच वेळ मशीनच्या चाकाला तेल देत राहिली. मग म्हणाली, "मी तुला कशाच्या जोरावर ठेवून घेऊ, पोरी? शिकवायला काम तर पाहिजे. तुझ्या बापाला तोंड काय दाखवू?" ती खरंच बोलत होती, म्हणूनच मला जास्त लागलं. स्थळ वाईट नसेलही. पण मला मशीन सोडायचं नव्हतं. जगात ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यासमोर बसल्यावर माझ्या तळहातांना घाम येत नसे.

शनिवारी दुपारी अक्काने मला देवपुरातल्या पाटलांच्या घरी पाठवलं. त्या घरात अकरा जावा. दर वर्षी सासूचं धरून बारा ब्लाऊज आमच्याकडे यायची. यंदा सुनांनी सेलमधून एकाच रंगाची, पोपटी, चमचमती ब्लाऊज आणली होती, सगळ्या सारख्या दिसाव्यात म्हणून. त्यांच्या सासूने, जिजीने, तेवढं हट्टाने स्वतःचं अक्काकडे टाकलं होतं. तेच द्यायला मी गेले. अंगणात गहू निवडणं चाललं होतं, ओसरीवर सुना नवे कपडे घालून एकमेकींना दाखवत होत्या. जिजी झोपाळ्यावर.

"हाई कोन पोर शे व?"

"अक्काकडची. ब्लाऊज आणलंय तुमचं."

जिजीने तिथेच उलगडून आतली शिलाई बघितली आणि मान हलवली. थोरली सून, सुनंदावहिनी, लांबूनच म्हणाली, "अक्काला सांग, पुढच्या वर्षी जिजीलाही सेलमध्ये नेणार आम्ही! बघ कसे दिसतात आमचे."

चांगले दिसत होते. खोटं कशाला बोलू? अकरा पोपट बसल्यासारखे. पण मी अक्काच्या हाताखाली दीड वर्ष काढलं होतं. माझी नजर त्यांच्या काखेकडे गेली, तिथे कापड आधीच ताणून पांढरं पडलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, एकदा हात वर करा ना."

"का गं, पोलीस शे का तू?" एक धाकटी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

"जळतेस का आमच्यावर? गिऱ्हाईक गेलं म्हणून?" दुसरी म्हणाली.

पळून जावंसं वाटलं. पण का कोण जाणे, मी ओट्यावरचा पाट उचलून सुनंदावहिनीपुढे धरला. "परवा कानबाई घ्यायचीय ना डोक्यावर? घेऊन बघा." तिने थट्टेतच घेतला. डोक्यावर धरला, बँड वाजल्यासारखी दोन पावलं नाचली, गिरकी घेतली आणि टर्र असा आवाज आला. काखेपासून थेट कमरेपर्यंत शिलाई उघडली. हसणं थांबलं. धाकटीने घाईघाईने आपले हात वर केले, तिचंही गेलं. तिसरीने हात वर करायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून पुतळ्यासारखी उभी राहिली.

जिजी झोपाळ्यावरून उठली. "आते काय, कानबाईना मोरे फाटेल ब्लाऊज घालीसन नाचशात?" सुनंदावहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदा चौरंग तिच्याच डोक्यावर येणार होता, आणि देवीपुढे फाटकं म्हणजे वर्षभर मनाला लागून राहणार. कोणी म्हणालं बदलून आणू. तर सेल कालच उठला होता, कार्यालयात लग्नाचा मांडव पडत होता. गावातल्या टेलरांकडे कानबाईची आपापली कामं. जिजी म्हणाली, जुनी घाला, पण सुनांनी हौसेने एकसारखं ठरवलेलं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"मी देते करून," मी म्हणाले. हे मी म्हणाले यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही. "अकराही. उद्या दुपारपर्यंत. फक्त सुती कापड पाहिजे, कुठल्याही रंगाचं."

जिजीने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत गेली आणि लोखंडी पेटी उघडली. ओटीत आलेले ब्लाऊजपीस! प्रत्येक घरात असते तशी पेटी, या घरातून त्या घरात ओटीतून फिरणारे आणि कोणीच न शिवणारे खण. लाल, हळदी, जांभळे, मोरपंखी. तिने गठ्ठाच माझ्या हातात दिला. "ने. बठ्ठं ने. पन माय, दखजो हं."

मोठ्या पुलावरून परत येताना मला कळलं मी काय करून बसले. अक्काला न विचारता शब्द दिला होता. डोक्यावर अकरा पोपटी ब्लाऊज आणि खणांचं बोजड बोचकं, आणि शब्द पाळला गेला नाही तर दुकानाचं उरलेलं नावही पांझरेत. दुकानात येऊन मी सगळं एका दमात सांगितलं. अक्काने एक पोपटी ब्लाऊज उलटं केलं, शिलाई चिमटीत धरली. "याला माया कुठंय गं? कडेवरच शिवलंय. उसवलं की चिंध्या हातात येतील."

"उसवायचं नाही अक्का. शिलाईच कापून टाकायची, आणि मी बिघडवलेल्या त्या ब्लाऊजला तू लावलीस तशी पट्टी घालायची. काखेत रुंद, खाली निमुळती. पट्टीला माया आपण ठेवायची."

नानांनी रेडिओ बंद केला. रेडिओ बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग अक्काने झाकलेल्या दोन मशीनांपैकी एकावरचं कापड ओढून काढलं, तिथे स्वतः बसली आणि कात्री माझ्यापुढे ठेवली.

"तू काप. मी शिवते."

"मी? अक्का, माझे हात..."

"थरथरू दे. शब्द तू दिलास, कापायचं तूच. चुकलं तर मी आहे ना इथे."

अकरा ब्लाऊज, बावीस बाजू. पहिली बाजू कापताना मी श्वास धरला होता. दुसरी कापताना सोडला. पाचव्यानंतर मला आठवतं, मी काहीतरी गुणगुणत होते. अक्का पट्टी घालायची, नाना हूक घट्ट करायचे, सेलवाल्यांनी तेही नावापुरते अडकवले होते. "हाई हूक शे का खिशातली टाचनी?" असं दर हुकाला म्हणायचे. शनिवारी दिवेलागणीपर्यंत सात झाली, रविवारी सकाळी उठून चार. जेवायला शेजारच्या ताईंनीच खिचडी आणून दिली, आणि जाताना म्हणाल्या, "माझंही एक आहे गं तसलं, मागाहून आणते." दुपारी पाटलांच्या अंगणात अकरा जणी ओळीने उभ्या राहिल्या, कोणाच्या डोक्यावर पाट, कोणाच्या परात, आणि मी म्हणाले, "हात वर करा, वहिनी." बावीस हात वर गेले. आवाज आला नाही.

सोमवारी सकाळी आबा आले. पिशवी हातात, पायांत चिखल. मला बघून म्हणाले, "भरली का बॅग?" भरली होती. अक्का म्हणाली, "दाजी, बस दुपारची आहे. आधी कानबाई बघू." आम्ही चौघे नदीच्या रस्त्याला जाऊन उभे राहिलो. मिरवणुकीमागून मिरवणूक जात होती, गुलाल, बँड, फुगड्या. मग पाटलांची आली. पुढे सुनंदावहिनी, डोक्यावर चौरंग, दोन्ही हात वर. आणि हात वर गेल्याबरोबर पोपटी ब्लाऊजच्या काखेतून लाल पट्टी झळकली. तिच्यामागे हळदी, मग जांभळी, मग मोरपंखी. हात खाली असताना सगळ्या सारख्या, हात वर केले की प्रत्येकीचा रंग वेगळा. मी रंग ठरवून लावले नव्हते, खण हाताला लागेल तसे कापले होते. पण रस्त्याच्या कडेच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "अय, हाई कुठली फॅशन शे व?" "कोनी शिवं?" आणि सुनांना ते ऐकू गेलं. मग काय विचारता! ज्यांच्या डोक्यावर चौरंग नव्हता त्याही हात वर करून नाचायला लागल्या. मी रडत होते. नाना माझ्या पाठीवर थोपटत बँडवाल्याला ओरडत होते, "वाजाड रे, वाजाड!"

जिजीने आम्हाला पाहिलं आणि मिरवणूक सोडून सरळ आमच्याकडे आली. आबांना म्हणाली, "हाई तुमनी पोर शे का?"

आबा बिचकले. "हो. काऊन, काही चुकलं का तिचं?"

"चुकनं? दखा तिकडे!" तिने सुनांकडे बोट केलं. "अकरा सुनास्नी लाज राखी हिनी. आते तुम्ही लई जातस म्हणे. मंग पुढला साल आमना हात कोन वर करी?"

आबांना तिची बोली निम्मी कळली असेल. पण ते त्या हातांकडे बघत राहिले. मिरवणूक वळणावर दिसेनाशी झाली तरी बघत होते. दुकानात परतलो तर ओट्यावर चार बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सेलचं एकेक बोचकं. अक्काने आबांकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती, तिने फक्त तिसऱ्या मशीनवरचं कापड काढून घडी करून ठेवलं. आबांनी चहा घेतला, मिशी पुसली आणि मला म्हणाले, "आईले मी सांगतो. तू राह्य. पन जेवत जाय नीट, काडी झाली." आणि माझी भरलेली बॅग उचलून स्वतःच मागच्या खोलीत ठेवून आले. त्या क्षणापेक्षा मोठी जीत मला आयुष्यात मिळालेली नाही, आणि नंतर बऱ्याच मिळाल्या.

सेल काही बंद झाले नाहीत. दुकानं झाली, दुकानांचे मॉल झाले. पण त्या वर्षानंतर धुळ्यातल्या बायका नवं रेडिमेड घेतलं की आधी अक्काकडे यायच्या, पट्टी घालून घ्यायला. पुढे आठ वर्षं मी तिथे कापलं, शिवलं. मग लग्न होऊन इकडे दक्षिणेला आले, आणि कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात नमुने शिवायच्या खात्यात लागले. इथे मला कळलं की ती माया कुठे जाते. कागदावर अर्धं बोट कमी केलं की हजारो नगांमागे किती थान वाचतात, हे माझ्यासमोर मोजतात. जिने शिवलं तिला दुसऱ्या नगाकडे वळायला श्वास घेण्याइतका वेळ असतो. मी याच धंद्याचं अन्न खाते, म्हणून फार मोठ्या तोंडाने बोलत नाही. पण माझ्या टेबलावरून नमुना पुढे जाण्याआधी एका मुलीला तो घालून हात वर करायला लावते. फाटला तर परत पाठवते. साहेब वैतागतात. गेल्या साली त्यांनी वैतागून का होईना, ते कामाच्या यादीत लिहून घेतलं. इथल्या मुली आता मराठीत म्हणतात, "हात वर." बाकी एक शब्द येत नाही त्यांना.

नाना गेले त्याला आता काही वर्षं झाली. अक्का एकटी आहे, मशीन अजून चालवते, सुईत दोरा शेजारच्या ताईंची नात ओवून देते. मागच्या आठवड्यात फोनवर म्हटलं, अक्का, इकडे ये राहायला, खोली रिकामी आहे, खिडकीत ऊन येतं. म्हणाली, "तिकडे भाकर मिळते का?" म्हटलं, पीठ मी मागवते. म्हणाली, "काम पडलंय गं." गेली दहा वर्षं ती हेच म्हणते, आणि मी घाबरट, जोर करत नाही. सुट्टी मिळेल का, गाडीत तिला झेपेल का, तिला इथे करमेल का, यातच माझं वर्ष निघून जातं. पण अक्का, हे मी आता कागदावर लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मला काहीच येत नव्हतं तेव्हा तू मला ठेवून घेतलंस. एक दिवस मी चाळीसगावला गाडीतून उतरेन, धुळ्याला येईन आणि तुझी बॅग मीच भरेन. त्या दिवशी तू काहीही म्हणालीस तरी मी ऐकणार नाही, आणि माझे हात थरथरले तर थरथरू देत.